कणमिश्रित ॲल्युमिनियम कंपोझिट कसं बनवलं, यावर काय काय अवलंबून असतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुपवाड आणि मिरज एमआयडीसीतले छोटे ओतकामवाले, सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा इथले शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी आणि अधूनमधून एखादा टर्नर, यांच्याकडून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. शब्द बहुतेक विचारणाऱ्यांचेच आहेत. एका उत्तरात आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तापमानं सगळी सेल्सिअसमध्ये आहेत.

१. कणमिश्रित कंपोझिट म्हणजे नेमकं काय? साध्या मिश्रधातूपेक्षा यात वेगळं काय असतं?

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन कार्बाइड, ॲल्युमिना, बोरॉन कार्बाइड असे कठीण सिरॅमिक कण मिसळून हा पदार्थ तयार होतो. साध्या मिश्रधातूत तांबं, मॅग्नेशियम वितळून धातूशी एकजीव होतात. इथे कण विरघळायचे नसतात. ते अखंड राहावेत, सगळीकडे सारखे पसरावेत आणि धातूने त्यांना घट्ट धरावं, एवढ्यासाठीच सारी खटपट. कणांमुळे ताठपणा वाढतो आणि झीज कमी होते, चिवटपणा मात्र धातूकडूनच येतो. १९९६ मध्ये आलेल्या लोटस एलिस गाडीच्या सुरुवातीच्या ब्रेक डिस्क याच जातीच्या होत्या.

२. टक्केवारी ठरली की गुणधर्म ठरले ना? मग प्रक्रियेचा एवढा बाऊ कशाला?

नाही ठरत. सगळ्यांत जास्त गैरसमज इथेच आहे, म्हणून हे आधी नीट वाचा.

दोघांनी एकाच व्यापाऱ्याकडून ए३५६ चे, म्हणजे सात टक्के सिलिकॉनच्या ओतकामाच्या ॲल्युमिनियम मिश्रधातूचे, इनगॉट आणले, एकाच पोत्यातली सिलिकॉन कार्बाइडची पावडर घेतली आणि दोघांनी वजनाने दहा टक्के मिसळली. एकाने पावडर तापवली, रस (वितळलेला धातू) ७२० ला ठेवला, ढवळणं थांबताच धातूच्या डायमध्ये ओतलं. दुसऱ्याने पावडर पोत्यातून थेट टाकली, रस ८५० पर्यंत नेला, ढवळणी काढून ठेवली, ड्रॉस (रसावरचा मळ) काढला, साचा लावला आणि मग ओतलं. कागदावर दोघांचाही पदार्थ ‘ए३५६ अधिक दहा टक्के सिलिकॉन कार्बाइड’. प्रत्यक्षात दुसऱ्याच्या ओतिवात कण तळाशी गोळा झालेले, मधे वायूची भोकं, आणि कण-धातूच्या सांध्यावर नको असलेला कार्बाइड (प्रश्न ७). ओढून पाहिलं तर तो तुकडा बिनकणांच्या ए३५६ पेक्षाही लवकर तुटू शकतो.

किती कण घातले हा निम्मा तपशील झाला. कोणत्या तापमानाला, किती वेळ ढवळून, किती थांबून, कशात ओतलं हे सांगितल्याशिवाय त्या टक्केवारीला अर्थ नाही. विद्यार्थ्यांच्या रिपोर्टात नेमकं हेच गाळलेलं असतं, आणि मग पुढच्या वर्षीच्या मुलांना तेच आकडे पुन्हा काढता येत नाहीत.

३. आमच्याकडे छोटी भट्टी आहे. कुठली पद्धत घ्यावी?

स्टर कास्टिंग, म्हणजे रस ढवळून त्यात कण मिसळायचे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत या पद्धतीवर १९७० च्या दशकापासून काम झालेलं आहे आणि आजही सर्वांत स्वस्त हीच पडते. मूस, भट्टी, थर्मोकपल, ढवळणी आणि पावडर तापवायला मफल फर्नेस असली की सुरुवात होते.

बाकीच्या पद्धती थोडक्यात. अर्धवट गोठलेल्या धातूत ढवळण्याला कंपोकास्टिंग म्हणतात (प्रश्न ४). स्क्वीझ कास्टिंगमध्ये ओतलेला धातू साधारण ७० ते १०० मेगापास्कल दाबाखाली गोठवतात. त्याने भोकं दबतात, पण प्रेस आणि मजबूत डाय लागते. पावडर मेटलर्जीत धातूची पावडर आणि कण मिसळून, दाबून, तापवून घट्ट करतात, धातू वितळतच नाही, त्यामुळे कण बुडणं, तरंगणं हे प्रश्न उरत नाहीत. मात्र ॲल्युमिनियमची बारीक पावडर हवेत उडाली तर पेट घेते, तिचा स्फोट होतो. कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये तिचा मोठा साठा करू नये.

४. सर, कण रसात जातच नाहीत, वर तरंगत राहतात. काय करावं?

पावडर टाकली की वर करड्या साईसारखा थर दिसतो, ढवळलं की आत गेल्यासारखा वाटतो, आणि वेग कमी केला की काठाकडून परत वर येतो. सिलिकॉन कार्बाइड वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा जड आहे, तरी वर येतो. रस कणाला भिजवतच नाही. अळूच्या पानावर पाणी जसं गोळा होऊन राहतं, तसा रस कणापासून अंग चोरतो. शिवाय रसाच्या पृष्ठभागावर ॲल्युमिनियम ऑक्साइडचा चिवट पापुद्रा असतो आणि प्रत्येक कणाभोवती हवेचं पातळ आवरण. कण या दोन्हींत अडकतो.

उपाय चार, आणि ते एकत्रच करावे लागतात.

पहिला, मॅग्नेशियम. रसाच्या वजनाच्या सुमारे एक टक्का पुरतो. तो वरून भिरकावला तर पांढरी ज्योत होऊन जळून जातो, म्हणून ॲल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून चिमट्याने रसाच्या आत दाबून धरावा. फार वाढवला तर रस दाट होतो आणि साचा भरत नाही.

दुसरा, कण तापवून टाकणं. त्याचं उत्तर प्रश्न ५ मध्ये.

तिसरा, संयम. एक किलो रसात शंभर ग्रॅम कण घालायला आठ-दहा मिनिटं लागली तरी लागू द्या. भोवऱ्याच्या उताराला बारीक धारेने सोडा. मूठभर एकदम पडलं की आतून कोरडा असलेला गोळा तयार होतो, आणि तो नंतर कितीही ढवळला तरी सहसा फुटत नाही.

चौथा, कंपोकास्टिंग. ए३५६ साधारण ६१५ ला गोठायला लागतो आणि ५५५ च्या आसपास पूर्ण घट्ट होतो. ५९० ते ६०० ला त्यात घन दाणे तयार झालेले असतात. त्या दाटपणात कण अडकून राहतात, दाण्यांच्या घासण्याने कणांवरचं हवेचं आवरणही निघतं. सगळे कण गेले की तापमान ७०० च्या वर नेऊन पुन्हा ढवळायचं आणि ओतायचं. मला स्वतःला छोट्या भट्टीसाठी हा मार्ग सर्वांत भरवशाचा वाटतो. फक्त मोटर ताकदीची हवी, हातड्रिलची मोटर या दाटपणात जळते.

५. पावडर किती तापवायची? काही जण ३०० सांगतात, काही ११००.

दोघंही बरोबर आहेत, हेतू वेगळे आहेत. ३०० ते ६०० ला दोनेक तास ठेवली की ओल आणि चिकटलेले वायू निघतात. एवढं कुठल्याही कणांसाठी केलंच पाहिजे. सिलिकॉन कार्बाइड १००० ते ११०० ला ठेवला तर प्रत्येक कणावर सिलिकाचा अगदी पातळ थर चढतो. हा थर मॅग्नेशियमशी अभिक्रिया करतो, त्यामुळे कण सहज भिजतात, आणि आतल्या कार्बाइडचं रसापासून रक्षणही होतं (प्रश्न ७). त्याची किंमत मॅग्नेशियमच्या रूपाने मोजावी लागते, ते प्रश्न १५ मध्ये.

आपल्याकडे जून ते सप्टेंबर विशेष सांभाळा. कृष्णाकाठच्या शेडमध्ये पावसाळ्यात उघडं पोतं चार दिवस राहिलं तरी पावडर ओल धरते आणि गोळे होतात. साताऱ्याच्या पश्चिमेकडे तर विचारूच नका. तापवलेली पावडर मफलमधून काढून टेबलावर थंड होऊ देऊ नका, गरम आहे तोवरच रसात गेली पाहिजे.

६. शेडमध्ये हे करताना काय जपायचं?

ओल. ओली मूस, ओला चिमटा, ओला इनगॉट रसात गेला की पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस उडतो. यात डोळे गेले आहेत. रसात जाणारी प्रत्येक वस्तू आधी भट्टीच्या तोंडाशी तापवा. तोंडावर शील्ड, पायात चामड्याचे बूट, पॅन्ट बुटाच्या वर सोडलेली, आणि जमिनीवर पाणी शिंपडलेलं नको. पावडर चाळताना साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा.

७. रसाचं तापमान जास्त ठेवलं तर कण लवकर भिजतात म्हणे. मग ८५० ला का नेऊ नये?

भिजतात, हे खरं. पण सिलिकॉन कार्बाइडच्या बाबतीत त्याच तापमानाला दुसरं काही सुरू होतं. ॲल्युमिनियम सिलिकॉन कार्बाइडला फोडतं, ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होतं आणि मोकळं सिलिकॉन रसात उतरतं. कार्बाइड कणाच्या पृष्ठभागावर ठिसूळ पापुद्र्यासारखं वाढतं, सांधा कमजोर होतो, रस दाट होऊन नीट वाहत नाही. याहून वाईट म्हणजे ॲल्युमिनियम कार्बाइड पाण्याशी अभिक्रिया करतं आणि त्यातून मिथेन वायू निघतो. ओतीव दिसायला उत्तम, पण दमट हवेत काही महिन्यांनी आतूनच पोखरला जातो.

ही अभिक्रिया रोखणारा घटक म्हणजे रसातलं सिलिकॉन. आधीच पुरेसं सिलिकॉन असेल तर सिलिकॉन कार्बाइड फुटायला वाव राहत नाही. ७५० च्या आसपास साधारण आठ-नऊ टक्के सिलिकॉन असलं की धोका फार कमी होतो, आणि तापमान वाढेल तशी ही गरजही वाढते. सिलिकॉन कार्बाइडसाठी नऊ टक्के सिलिकॉनचा ए३५९ उद्योगात निवडला गेला तो याच कारणाने. ए३५६ मध्ये सिलिकॉन सात टक्के, म्हणजे काठावर. तो ७००-७३० ला ठेवा आणि रेंगाळू नका.

८. मग ६०६१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड घालूच नये का? नेटवर तर शेकडो पेपर आहेत.

६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत सिलिकॉन एक टक्क्याहूनही कमी असतं. वितळवून करायचं असेल तर ६०६१ मध्ये ॲल्युमिना घाला, ही जोडी बाजारात चाललेली आहे. सिलिकॉन कार्बाइडच हवा असेल तर कण १००० च्या वर तापवून सिलिकाचा थर चढवा, कंपोकास्टिंग करा आणि द्रव अवस्थेतला वेळ कमीत कमी ठेवा. पावडर मेटलर्जीने केलं तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो, कारण धातू वितळतच नाही.

एक चाचणी घरचीच आहे. तुकडा पॉलिश करून वजन करा, काही दिवस कोमट पाण्यात ठेवा, वाळवून पुन्हा वजन करा आणि भिंगाखाली पाहा. कणांच्या कडेने खड्डे पडले असतील तर कार्बाइड झालेलं आहे. म्हणूनच असे नमुने सूक्ष्मदर्शकासाठी घासताना पाणी न वापरता अल्कोहोल किंवा तेल वापरतात.

९. ढवळणी किती वेगाने, किती वेळ? पातं कुठे ठेवायचं?

छोट्या मुशीसाठी ३०० ते ६०० आरपीएम, कण टाकताना भोवरा दिसेल एवढा वेग. पातं रसाच्या उंचीच्या तळापासून साधारण एक तृतीयांशावर. फार वर ठेवलं तर तळाचे कण उठत नाहीत. कण संपले की वेग थोडा उतरवून आणखी पाच-दहा मिनिटं ढवळा.

भोवरा कण आत ओढतो तशी हवाही ओढतो. वेग वाढवत नेला की एका मर्यादेनंतर कणांची वाटणी सुधारत नाही, फक्त भोकं वाढतात. रसावर फेस दिसायला लागला तर ती मर्यादा ओलांडली आहे. साध्या स्टीलचं पातं उघडं वापरू नका. ॲल्युमिनियम लोखंडाला खातं आणि मिश्रधातूत लोखंडाच्या सुईसारख्या ठिसूळ जाळ्या होतात. पात्याला झिर्कोनियाचा लेप द्या किंवा पातं ग्रॅफाइटचं घ्या, आणि लेप दर वितळवणीला तपासा.

१०. ढवळणं थांबवल्यावर ओतायला किती वेळ मिळतो?

तुमच्या समजुतीपेक्षा खूपच कमी, हिशोब करूनच पाहू. कण बुडण्याचा वेग कणाच्या व्यासाच्या वर्गावर आणि घनतेतल्या फरकावर अवलंबून असतो. सिलिकॉन कार्बाइडची घनता ३.२, वितळलेल्या ॲल्युमिनियमची सुमारे २.४. रसाची विष्यंदिता सुमारे १.३ मिलिपास्कल-सेकंद. यावरून ५० मायक्रॉनचा एकटा कण सेकंदाला साधारण ०.८५ मिलिमीटर बुडतो. शेजारी इतर कण असले की वेग मंदावतो, घनफळाने दहा टक्के कण असतील तर अर्धा मिलिमीटरच्या आसपास येतो. मुशीत रस १५० मिलिमीटर उंच असेल तर अडीच मिनिटांत वरचा अर्धा भाग कणांवाचून रिकामा.

| कण | सेकंदाला बुडण्याचा अंदाजे वेग (एकटा कण) |
|---|---|
| सिलिकॉन कार्बाइड, १०० मायक्रॉन | ३.४ मिमी |
| सिलिकॉन कार्बाइड, ५० मायक्रॉन | ०.८५ मिमी |
| सिलिकॉन कार्बाइड, २५ मायक्रॉन | ०.२ मिमी |
| सिलिकॉन कार्बाइड, १० मायक्रॉन | ०.०३ मिमी |
| ॲल्युमिना, ५० मायक्रॉन | १.६ मिमी |
| बोरॉन कार्बाइड, ५० मायक्रॉन | ०.१५ मिमी |

बोरॉन कार्बाइडची घनता २.५, जवळजवळ रसाएवढीच, म्हणून तो लटकून राहतो. ग्रॅफाइट हलका असल्याने वर येतो. आणि दहा कणांचा गोळा झाला असेल तर तो मोठ्या कणासारखा वागतो, भराभर तळ गाठतो.

इथल्या ओतकाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० सालचा, त्यामुळे या पट्ट्यात लोखंडाच्या ओतकामाचा हात पिढ्यांचा आहे. लोखंडाचा रस लेडलमध्ये जरा थांबू दिला की मळ वर येतो आणि तो बाजूला करून ओतायचं, ही शिस्त चांगलीच. कंपोझिटला मात्र तेच थांबणं मारक आहे. ड्रॉस काढायचा तो ढवळणी चालू असताना, अगदी मंद वेगावर. साचा आधी लावून तयार, डाय तापलेली, लेडल तापलेला, माणसं आपापल्या जागी, मग मोटर बंद. अर्ध्या मिनिटाच्या आत धार पडली पाहिजे. तळातून ओतता येणारी मूस मिळाली तर ढवळत ढवळतच ओतता येतं.

बुडाले की नाही हे कळायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. उभा ओतलेला गज वरून, मधून आणि खालून हॅकसॉने कापा. वरच्या टोकाला पातं लोण्यासारखं जात असेल आणि खालच्या टोकाला दहा-बारा फेऱ्यांत दात बोथट होऊन पातं घसरायला लागलं असेल, तर कण कुठे गेले ते कळलं. कापाचा रंगही सांगतो: वर चकचकीत पांढरा, खाली निस्तेज करडा.

११. वाळूचा साचा आणि धातूची डाय यात खरंच फरक पडतो?

बराच. धातू गोठताना फांद्याफांद्यांचे स्फटिक वाढतात आणि बहुतेक वेळा ते कणांना आत न घेता पुढे ढकलत नेतात. शेवटी सगळे कण सर्वांत उशिरा गोठणाऱ्या फटींत कोंडले जातात. वाळूत धातू हळू गोठतो, फांद्यांमधलं अंतर पन्नास-शंभर मायक्रॉन पडतं, म्हणजे कणांच्या दाट रांगा आणि मधे मोठी रिकामी बेटं. धातूच्या डायमध्ये अंतर वीस-तीस मायक्रॉनवर येतं आणि कण बऱ्यापैकी सारखे वाटले जातात. डाय २०० ते ३०० ला तापवून घ्या. या रसाचा वाहतेपणा कमी असतो, थंड डायमध्ये तो अर्ध्यातच थबकतो. जाड भिंतीचा जॉब वाळूत ओतायचाच असेल तर चिल (उष्णता लवकर ओढून घेणारा धातूचा तुकडा) लावा आणि कण बारीक घ्या.

१२. ब्लोहोल फार येतात. नेहमीची डिगॅसिंगची गोळी टाकू का?

कण टाकण्यापूर्वी टाका, नंतर नाही. शंभर ग्रॅम वितळलेलं ॲल्युमिनियम गोठणबिंदूला सुमारे ०.७ मिलिलिटर हायड्रोजन धरतं, घन झाल्यावर फक्त ०.०४. उरलेला वायू भोकं करतो, म्हणून डिगॅसिंग, म्हणजे रसातला वायू काढणं, हवंच. पण नेहमीच्या गोळीतून क्लोरीन निघतो. तो मॅग्नेशियम खातो आणि कणांची भिजलेली अवस्था मोडतो, कण ड्रॉसबरोबर वर येतात. क्षारयुक्त फ्लक्सचंही (मळ काढायला रसावर टाकायची पावडर) तसंच. कण गेल्यानंतर डिगॅसिंग करायचंच असेल तर आर्गॉन, तोही बारीक बुडबुड्यांनी, सावकाश.

१३. घातलेले कण आणि भोकं किती, हे लॅबशिवाय कसं मोजायचं?

घनतेवरून. आधी वजनी टक्के आणि घनफळी टक्के यांची गल्लत सोडवा. ९० ग्रॅम ए३५६ चं (घनता २.६८) घनफळ ३३.६ घन सेंमी आणि १० ग्रॅम सिलिकॉन कार्बाइडचं ३.१. म्हणजे वजनाने दहा टक्के हे घनफळाने साडेआठच होतात, आणि बिनभोकाच्या पदार्थाची घनता साधारण २.७३ यायला हवी. आता तुकडा हवेत आणि पाण्यात बुडवून तोला. घनता २.६० आली तर जवळजवळ पावणेपाच टक्के भोकं आहेत. दोन-तीन टक्क्यांच्या आत असेल तर साध्या स्टर कास्टिंगला ते समाधानकारक समजा.

यात एक फसवणूक आहे. कण निम्मे ड्रॉसमध्ये गेले असतील तरी घनता घटते आणि ती भोकांच्या खात्यावर पडते. म्हणून काढलेला ड्रॉसही तोला.

१४. बारीक कण चांगले म्हणतात. मग नॅनो का नको? आणि कारखान्यातली बगॅसची राख चालेल का?

नॅनो कण ताकद वाढवतात, पण पसरले तर. साध्या ढवळणीने ते पसरत नाहीत, एकमेकांना घट्ट धरून बसतात. अल्ट्रासॉनिक प्रोब किंवा बॉल मिल नसेल तर पैसे वाया घालवू नका. २० ते ४० मायक्रॉन हा सुरुवातीला योग्य पट्टा आहे. पाच-दहा मायक्रॉनच्या खाली गोळे फार होतात, ऐंशीच्या वर बुडणं फार होतं.

बगॅसची राख हा आपल्या भागाचा हक्काचा प्रश्न, सांगली-सातारा दोन्ही जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत. तिच्यात मुख्यतः सिलिका असते, शिवाय न जळलेला कार्बन. काळी राख तशीच टाकली तर कार्बन भिजत नाही आणि सगळं वर येतं. ६००-७०० ला करडी-पांढरी होईपर्यंत भाजा, मग चाळा. पाण्याने धुऊन गोळा केलेली राख असेल तर अगदी कोरडी होईपर्यंत वाळवा, प्रश्न ६ विसरू नका. सिलिका रसात स्थिर नसते, ॲल्युमिनियम तिला फोडून ॲल्युमिना आणि सिलिकॉन बनवतं, त्यामुळे रसाची घडणही बदलते. बॉयलर बदलला, हंगाम बदलला, उसाबरोबर आलेली माती बदलली की राख बदलते. म्हणून एका प्रोजेक्टची सगळी राख एकाच दिवशी, एकाच ठिकाणाहून घ्या. झिजेच्या चाचणीत ती ठीक कामगिरी करते, सिलिकॉन कार्बाइडची जागा मात्र घेत नाही.

१५. हीट ट्रीटमेंट मूळ मिश्रधातूचीच वापरली तर चालेल?

तापमानं तीच, वेळ नाही. ए३५६ साठी ५४० ला सोल्यूशन (घन धातूतच मॅग्नेशियम विरघळवणं), कोमट पाण्यात क्वेंच (एकदम थंड करणं), मग १५५ ला एजिंग (तापवून कडक होऊ देणं). पण ॲल्युमिनियम तापमानाने जेवढं फुगतं-आकसतं त्याच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढंच सिलिकॉन कार्बाइड आकसतो. क्वेंचमध्ये कणांभोवतीचा धातू ताणला जातो, तिथे स्फटिकात असंख्य दोषरेषा तयार होतात, आणि एजिंगचे सूक्ष्म कण त्यांच्यावर लवकर उगवतात. म्हणून कंपोझिट कमाल कडकपणाला मूळ मिश्रधातूच्या आधी पोचतं. हँडबुकातला वेळ पाळला तर शिखर मागे पडून कडकपणा उतरायला लागलेला असू शकतो. एकाच ओतिवाचे सहा-सात तुकडे ठेवा, दर तासाला एक काढा, आलेख काढा.

अपवाद असा की ॲल्युमिना घातलेल्या ६०६१ मध्ये, किंवा सिलिकाचा थर चढवलेले कण वापरले असतील तर, मॅग्नेशियम कणांच्या पृष्ठभागावर स्पिनेल (मॅग्नेशियम-ॲल्युमिनियमचा ऑक्साइड) बनवण्यात खर्च होतं. ६०६१ चं एजिंग मॅग्नेशियमवरच चालतं. ते उरलं नाही तर टी६ (सोल्यूशन, क्वेंच, एजिंग) करूनही कडकपणा फारसा वाढत नाही आणि दोष भट्टीला दिला जातो. वितळवताना थोडं जास्त मॅग्नेशियम धरा. आणि भोकं जास्त असतील तर ५४० ला पृष्ठभागावर फोड येतात, तेव्हा आधी प्रश्न १२.

१६. कडकपणा वाढला पण टेन्साइल घटली. मोजण्यात चूक आहे का?

बहुधा नाही. कडकपणाच्या चाचणीत धातू दाबला जातो, भोकं मिटतात आणि लपतात. ओढताना, म्हणजे टेन्साइल चाचणीत, तीच भोकं, कणांचे गोळे आणि कमजोर सांधे उघडतात. म्हणून कडकपणा बघून प्रक्रिया बरोबर ठरवू नका. टेन्साइलचा तुटलेला चेहरा पाहा: मोकळे, स्वच्छ कण दिसले तर धातूने त्यांना धरलंच नव्हतं (प्रश्न ४). कण मधून चिरलेले दिसले तर सांधा चांगला होता. लांबण्याची क्षमता मात्र कण घातले की कमीच होते, चांगल्या प्रक्रियेतही.

१७. एकाच तुकड्यावर मायक्रो-व्हिकर्सचे आकडे ७० ते २०० पर्यंत येतात. कुठला खरा?

एकही नाही. मायक्रो-व्हिकर्समध्ये हिऱ्याचं बारीक टोक दाबून ठसा मोजतात. शंभर ग्रॅम भाराचा ठसा ९० कडकपणाच्या धातूत सुमारे ४५ मायक्रॉनचा पडतो, म्हणजे तुमच्या कणाएवढाच. ठसा कणावर पडला की आकडा उडतो, दोन कणांमधे पडला की धातूचाच आकडा मिळतो. ब्रिनेल वापरा, १० मिमीची गोळी आणि ५०० किलो भार. ठसा अडीच मिलिमीटरचा, त्याखाली शेकडो कण येतात. वर, मधे, खाली असे वेगवेगळे आकडे द्या, सरसकट सरासरी काढली तर कण बुडालेले लपतात.

१८. ओतल्यानंतर एक्स्ट्रूजन केलं तर दोष जातात का?

काही जातात. ४५० ते ५०० ला डायच्या भोकातून दाबून, छेद वीस पट लहान करून काढलं की भोकं मिटतात, गोळे फुटतात. कण मात्र ओढीच्या दिशेने पट्ट्यांत लागतात, त्यामुळे लांबीत आणि आडव्यात गुणधर्म वेगळे येतात. मोठे कण चिरतात. वेग वाढवला की पृष्ठभाग फाटतो.

१९. दादा, हा जॉब लेथवर घेतला आणि टूल संपलं. कशाने कापायचा?

पीसीडी (हिऱ्याच्या कणांच्या) टूलने. सिलिकॉन कार्बाइडचा कडकपणा सुमारे २५०० व्हिकर्स, टंगस्टन कार्बाइडच्या इन्सर्टचा साधारण १५०० ते १८००, म्हणजे जॉबच टूलला घासतो. एचएसएसच्या (हायस्पीड स्टीलच्या) टूलला हात लावू नका. कार्बाइड इन्सर्ट रफिंगपुरता, जास्त फीड आणि कमी वेगावर, म्हणजे घासण्याची लांबी कमी होते. लेथचा बेड झाकून घ्या, हा कीस स्लाइडमध्ये गेला तर पॉलिश पेपरसारखा काम करतो. सगळ्यांत उत्तम, ओततानाच मापाच्या जवळ ओता.

२०. वाया गेलेले ओतीव पुन्हा वितळवता येतात का?

स्वच्छ तुकडे येतात. तापमान प्रश्न ७ प्रमाणे, ढवळणी सुरू, फ्लक्स नाही. प्रत्येक वितळवणीत सांध्यावरची अभिक्रिया थोडी पुढे सरकते, म्हणून एकदा-दोनदाच. लेथचा कीस मात्र नको: त्याचा पृष्ठभाग फार, ऑक्साइड फार, कूलंटची ओलही असते. नुसता धातूच परत हवा असेल तर प्रश्न १२ मधला दोषच उपयोगी पडतो, क्षारांच्या फ्लक्सने कण सुटतात आणि ड्रॉसमध्ये येतात. असे तुकडे साध्या ॲल्युमिनियमच्या भंगारात मिसळू नका. भंगारवाल्याला वेगळं पोतं द्या आणि आत काय आहे ते सांगा, नाहीतर पुढच्या ओतकाऱ्याच्या पिस्टनमध्ये हे कण निघतील.